तीन दिवस तोच आकडा

बुधवार पेठेत, प्रयोगशाळेच्या सामानाच्या दुकानात
काउंटरमागच्या म्हाताऱ्याने विचारलं,
"कशासाठी? दूध की बॅटरी?"
साखरेसाठी, मी म्हटलं.
"कारखान्यातले का?"
हो म्हणालो. सव्वीस वर्षं होतोच कारखान्यात,
भोसरीला, गेज रूममध्ये.
साखरेच्या नव्हे, एवढंच.

काचेची नळी, पोटात छर्रे,
मानेत आकड्यांची कागदी पट्टी.
मनपा ते वारजे, पीएमटीत मांडीवर घेऊन आलो,
गणपती आणतात तशी, तोंड झाकून.

वेल्ह्याचा मध दोन किलो, उकळून निववलेलं पाणी,
यीस्टची पुडी, मोठी काचेची बरणी,
बुचातून वर वाकडी नळी, तिच्यात बोटभर पाणी.
पहिलं माप: एक हजार चौऱ्याण्णव.
वहीत लिहिलं. तारीख, वेळ, सही.
सही कुणासाठी, ते हाताला विचारा.

तरंगणाऱ्या काचेभोवती पाणी जरा वर चढतं,
फसवतं.
डोळा पातळीला आणायचा, खालची कड वाचायची.
हे मला कुणी शिकवायला नको होतं.
पण काच म्हणते, वीस अंशांना मोजा.
एप्रिलात वारज्याला वीस अंश कुठून आणू?
फ्रिजमध्ये आठ, ओट्यावर एकतीस.
मग तक्ता काढायचा, आकड्यात तीन मिळवायचे,
बरणीला ओला पंचा गुंडाळायचा
आणि पंखा तिच्याकडे फिरवायचा.

बुडबुडे: मिनिटाला चौदा.
रात्री दीडला एकोणीस.
अंधारात घड्याळ धरून उकिडवा बसलेलो मी.
वैजयंती पाणी प्यायला उठली, बघून म्हणाली,
"माझी नाडी नाही मोजलीत कधी एवढी."

सहाव्या दिवशी बुडबुडे थांबले.
मेलं, मी ठरवलं.
तांबोळींना फोन लावला. प्लेटिंग शॉपचे,
त्यांनी मागच्या वर्षी जांभळाची केली होती.
"बुडबुड्यांवर काय जाता, बूच सैल असेल.
काच काय म्हणते?"
काच म्हणाली, एक हजार एक्केचाळीस.
दुसऱ्या दिवशी चौतीस.
म्हणजे आत काम चालू होतं, आवाज तेवढा बंद.
आमच्या शॉपमध्ये उलट झालं होतं:
शेवटचं वर्षभर आवाज चालू,
काम नव्हतं.

रोज पेलाभर काढायचा, मोजायचा,
परत ओतायचा नाही, जंतू जातात.
मग काय करायचं? प्यायचा.
पहिले दिवस नुसता पाक,
मग पाकात सुई,
मग सुईच जास्त.
बाराव्या दिवशी बरणीकडे पाहिलं आणि हिशेब केला:
मोजण्यातच सव्वा लिटर संपलं होतं.

नियम साधा आहे.
तीन दिवस तोच आकडा आला की झालं.
सोमवारी एक हजार सहा.
मंगळवारी एक हजार सहा.
बुधवारी सकाळी नळी धुऊन ओट्यावर ठेवली,
टॉवेल घ्यायला वळलो,
ती हळूच गडगडली. घाई नव्हती तिला.
फरशीवर छर्रे पसरले, मोहरीसारखे,
आणि कागदी पट्टी उलगडून पडली, सगळे आकडे एकदम,
हजारापासून अकराशेपर्यंत,
कुठल्याच पाण्याविना.

वैजयंतीने झाडू आणला. काचा गोळा केल्या,
चप्पल घाला म्हणाली.
मग आपण होऊन बरणीचं बूच उघडलं,
उकळलेला चमचा बुडवला,
जिभेवर ठेवून भिंतीकडे बघत राहिली,
लोणच्याचा खार बघते तशी.
"अजून दोन दिवस," म्हणाली,
आणि चमचा धुऊन जागच्या जागी लावला.

मी वही उघडली.
तारीख लिहिली, वेळ लिहिली.
मापाच्या रकान्यात पेन थोडं थांबलं,
मग लिहिलं: अजून दोन दिवस.
सहीच्या जागी वही तिच्यापुढे सरकवली.
तिने ओल्या हाताने केली.
शाई थोडी पसरली आहे,
पण वाचता येते.